ई-बुक स्वस्त झाली की छापील पुस्तकांचा धंदा बसतो का?

धंदा सरसकट बसत नाही. पण नवीन पुस्तकाचं ई-बुक एकदम पडेल भावात टाकलं तर मार बसतोच, आणि तो आधी दुकानाला बसतो. मी नागपुरात बर्डीवर पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर असतो, रोज बघतो. गिऱ्हाईक चारशेचं पुस्तक हातात घेतं, मागचं कव्हर वाचतं, दोन पानं चाळतं, मग मोबाईल काढतं आणि म्हणतं, "भाऊ, इथं तर एकशेवीसले हाये, तुमी कितीत देता?" आता ते ई-बुक तरी घेतं का, तर बहुतेक नाहीच घेत, पण चारशे म्हणजे लूट हे एकदा डोक्यात बसलं की छापीलही राहून जातं.

लोकांना वाटतं कागद वाचला म्हणजे सगळंच वाचलं. तसं नसतं हो. चारशेतले साधारण ३५-४० टक्के वितरक आणि दुकानदाराचे, १० टक्क्यांच्या आसपास लेखकाची रॉयल्टी, उरलेल्यात कागद, छपाई, बायंडिंग, ट्रान्सपोर्ट, डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर लावणं), प्रूफं, कव्हर आणि न खपलेल्या गठ्ठ्यांचं गोडाऊन. ई-बुकला संपादन, प्रूफं तेवढीच लागतात. वर छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, ई-बुकवर मात्र आधी १८ टक्के होता, २०१८ मध्ये छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकांसाठी तो ५ वर आणला.

अमेरिकेत २००७ मध्ये ॲमेझॉनचं किंडल, म्हणजे ई-बुक वाचायचं यंत्र, आलं तेव्हा ॲमेझॉनने नवीन बेस्टसेलरची ई-बुकं ९.९९ डॉलरला लावली, कित्येक तर तोटा खाऊन, आणि प्रकाशक घाबरले ते वाचकाला लागणाऱ्या या स्वस्ताच्या सवयीला. मराठीत तर आवृत्तीच हजाराच्या आसपास, त्यातले दोनशे वाचक सरकले की पुढची आवृत्ती पाचशेची निघते, मग एका प्रतीचा खर्च वाढतो, छापील किंमत वाढते आणि अजून वाचक सरकतात. खरी भीती ही आहे.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचं वेगळं, तिथे मारतं ते ई-बुक नाही, फुकट फिरणारी पीडीएफ.

माझं स्पष्ट मत, नवीन पुस्तकाचं ई-बुक पहिले सहा महिने तरी छापील किमतीच्या ६०-७० टक्क्यांखाली देऊ नये. आउट ऑफ प्रिंट पुस्तकं मात्र खुशाल पन्नास रुपयांत द्या, ती तशीही आमच्याकडे नसतात, कोणी विचारत आलं तर आम्हीच सांगतो की ई-बुक घेऊन टाका.