वजन वाढलंय पण खुर्चीतून उठवत नाही

अगं, तू लिहिलंयस की ब्रेस्ट कॅन्सरची केमो संपून दोन महिने झाले, आईचं वजन चार किलोनी वाढलं, तरी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, आणि घरचे म्हणतात वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली, आता पडून राहू दे. वाचून राहवेना, कारण माझं अगदी हेच झालं होतं, सहा वर्षांपूर्वी पूजेला पाटावर बसले आणि उठताच येईना, शेवटी देव्हाऱ्याची कड धरून मुलाला हाक मारली.

काट्याला चरबी काय नि स्नायू काय, सारखंच. केमोच्या वेळी उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन देतात ना, त्या स्टेरॉइडने भूक वाढते आणि मांड्या-खुब्याचे स्नायू मात्र झडतात, त्यात दिवसभर पडून राहायचं, मग काय होणार. 2018 साली अमेरिकेत 3241 पेशंट बायकांचे सीटी स्कॅन तपासले होते, कॅन्सर पसरलेला नव्हता, तरी साधारण तिघींत एकीचे स्नायू कमी निघाले आणि त्यांच्या जिवाला धोकाही जास्त दिसला, आणि नुसत्या बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्यावरून, हे कळत नव्हतं. म्हणून वजनावर जाऊ नकोस गं.

आराम हवाच पण व्यायामही हवा, आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा, नुसतं चालणं पुरत नाही. ऑपरेशनच्या बाजूने काही उचलू नको, हात सुजेल, असं मलाही सांगितलेलं, मी दोन वर्षं कुकरसुद्धा डाव्या हाताने उचलला. पण आधीच हात सुजलेल्या 141 बायकांना शिकवून, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, तर सूज वाढली नाही, हे 2009 मधेच छापून आलंय. फक्त फिजिओला दाखवून सुरू कर, आणि हाडात काही असेल तर आधी ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचार.

खाण्याचं म्हणशील तर पेज आणि मऊ भाताने भागणार नाही. किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन धर, म्हणजे 60 किलोला 60 ते 90, आणि एका अंड्यात जेमतेम 6 असतं, पातळ वरणात त्याहून कमी. अंडी, मासे, पनीर, सोयाबीन, घट्ट डाळ, जे आवडेल ते प्रत्येक जेवणात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आज एक कर, खुर्ची भिंतीला टेकव, आईला हात छातीशी घ्यायला सांग, तू शेजारी उभी रहा आणि 30 सेकंदांत किती उठबशा होतात ते मोज. एकही नाही झाली तरी लिहून ठेव, महिन्याने परत मोजू.