के-30 संपलं म्हणून तेवढंच के-90 घालू नका

शिरपूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: पॅरासिटामॉल 500 च्या गोळीत बाइंडर म्हणून, म्हणजे पावडर बांधून ठेवायला, 4 टक्के पोव्हिडोन के-30 वापरत होतो. ते संपलं म्हणून तेवढंच के-90 घेतलं. द्रावणात गुठळ्या झाल्या आणि गोळी पाण्यात 15 मिनिटांत फुटतही नाही. पदार्थ एकच असून असं का?

भाऊ, पदार्थ एकच, पण त्याच्या रेणूच्या साखळीची लांबी वेगळी. के-30 चा रेणूभार 50,000 च्या आसपास, के-90 चा थेट 10 लाखांच्या घरात. हा 30 किंवा 90 आकडा द्रावणाच्या चिकटपणावरून काढतात. पीईजी (पॉलिएथिलिन ग्लायकॉल) 400 किंवा 6000 मधला आकडा मात्र सरासरी रेणूभाराचा असतो, त्यामुळे दोन्ही एका मापाने वाचू नकोस. 4 टक्के के-90 म्हणजे कणांभोवती चिवट थर; पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. दीड टक्क्यापासून सुरू कर आणि हार्डनेस (गोळीचा कडकपणा), फ्रायबिलिटी (घासून झिजण्याचं प्रमाण) बघत हळूहळू वाढव. फार कमीही नको, पॅरासिटामॉल दाबाखाली नीट बसत नाही, लगेच कॅपिंग होतं, म्हणजे गोळीचा वरचा थर सुटतो.

गुठळ्या होतात त्या पावडर एकदम ओतल्याने. वरचा थर भिजून चिकट होतो, आतली पावडर कोरडीच राहते. स्टररचा भोवरा चालू ठेवून, पिठल्यात बेसन पेरतात तशी पावडर थोडी थोडी सोड. के-90 ला वेळ लागतोच, घाई करू नकोस.

पाण्याऐवजी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घे, असं कुणी सुचवेल. पोव्हिडोन दोन्हींत विरघळतं, हा त्याचा फार मोठा गुण. पाण्याने बिघडणाऱ्या औषधांना तो उपयोगी पडतो. पण पॅरासिटामॉलला पाणी चालतं. आणि खान्देशातल्या मे महिन्यात आयपीए मळता मळताच उडून जातं, ओल सगळीकडे सारखी पोचत नाही, शिवाय आगीची भीती. बिनकामाची जोखीम घेऊ नकोस.

डबा कूलरसमोर उघडा तर अजिबात ठेवू नकोस. पोव्हिडोन हवेतली ओल खेचतं, भुरभुरीत पावडरची ढेकळं होतात. पावसाळ्यात तर जास्तच जपावं लागतं.

गोळी फुटण्यासाठी क्रॉसपोव्हिडोन घाल. तेही पोव्हिडोनच, पण साखळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून पाण्यात विरघळत नाही; पाणी ओढून घेतं, फुगतं आणि गोळी आतून फोडतं. 3 टक्के घेऊन बघ, अर्धं मळण्याआधी कोरड्या मिश्रणात, अर्धं मळून वाळवलेल्या दाण्यांवर, म्हणजे ग्रॅन्युलवर. तरीही 15 मिनिटं ओलांडली तर ग्रॅन्युलमधली ओल आणि गोळीचा हार्डनेस इथे लिही, त्यावरून पुढचं सांगतो.