नऊ वर्षांची लेक, एकटीच विमानाने

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, मे महिन्यात पुण्याहून नागपूरला आजीकडे पाठवायचीय, आम्हा दोघांनाही सुट्टी नाही. स्वस्तात कसं जमेल?

उत्तर: ताई, साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांना एअरलाइनवाले एकटं नेतात पण त्याची वेगळी फी असते, म्हणून नुसतं स्वस्त तिकीट बघून बुक करू नका, आधी फोन करून दोन्ही मिळून किती होतात ते विचारा. डायरेक्ट फ्लाइटच घ्या, कनेक्टिंगमध्ये चार पैसे वाचतील पण जिवाला घोर. वीकेंड टाळा, परीक्षेच्या तारखा कळल्या की लगेच बुकिंग करा. आणि एकट्या मुलासाठी एअरलाइनवाले जो फॉर्म भरून घेतात, त्यावर नागपूरला जो घ्यायला येणार त्याचंच नाव हवं, आजोबांचं लिहून ऐनवेळी मामाला पाठवलंत तर पोरगी ताब्यात देणार नाहीत! आजोबांना ओळखपत्र न्यायची आठवण करा.