महापेहून ऑक्सफर्डला : जर्नल्सच्या कामात ओळख कशी करायची

तुम्ही विचारलंय की महापेच्या कंपनीत सात वर्षं जर्नल्सचं कॉपीएडिटिंग केलंय, नवऱ्याला ऑक्सफर्डजवळ स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी लागलीय आणि तुम्ही डिपेंडंट म्हणून येताय. तर इथल्या पब्लिशिंगमध्ये शिरायला एमए करावं, की एखादं सर्टिफिकेट पुरेल? मी ऐरोलीत ह्याच धंद्यात होते, आता इथे प्रकाशकाच्या बाजूला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमएची घाई नको. ऑक्सफर्ड ब्रूक्स आणि लंडनच्या यूसीएलला पब्लिशिंगचे अभ्यासक्रम आहेत, नाव आहे त्यांना. पण सात वर्षं लेखकांना विचारायच्या शंका (क्वेऱ्या) काढलेल्या बाईने वर्षभराची फी भरून प्रूफ म्हणजे काय ते ऐकत बसायचं, हे मला पटत नाही. डिपेंडंटला नोकरी करायची मुभा असते, तेव्हा आधी अर्ज टाका. सर्टिफिकेटचं म्हणाल तर बेल्स ह्या एडिटरांच्या अमेरिकी मंडळाची ईएलएस परीक्षा जीवशास्त्र-वैद्यक विषयांच्या एडिटरसाठी आहे, आणि इथली सीआयईपी ही एडिटर-प्रूफरीडरांची संस्था फ्रीलान्सवाल्यांना कामाची, कारण तिच्या सभासदत्वाला पायऱ्या आहेत आणि वरची पायरी अनुभव दाखवूनच मिळते. पगारी नोकरीच्या मुलाखतीत मात्र ह्या दोन्हींबद्दल मला कुणी विचारलं नाही.

खरी अडचण वेगळी आहे. तिकडे आपण व्हेंडर, म्हणजे प्रकाशकाचं काम बाहेरून करून देणारे. प्रकाशकाची मेल प्रोजेक्ट मॅनेजरला, त्याची टीम लीडला, मग फाइल आपल्या क्यूमध्ये. ज्या जर्नलचे शेकडो पेपर आपण हातावेगळे केले, तिथल्या एकाही माणसाला आपलं नाव माहीत नसतं. इथे उलट, सगळे एकमेकांना कुठल्या ना कुठल्या कमिटीतून ओळखतात. तेव्हा ओळख करायला विमानात बसायची वाट बघू नका, घणसोलीत बसून सुरुवात करा.

अमेरिकेची सोसायटी फॉर स्कॉलरली पब्लिशिंग (१९७८ ची) आणि इथली एएलपीएसपी (१९७२) ह्या जर्नल्स-प्रकाशनातल्या मोठ्या संस्था. एएलपीएसपीचं ट्रेनिंग चांगलं असतं, पण स्वस्त नाही, ते नोकरी लागल्यावर कंपनीच्या पैशाने करा. अमेरिकेवाल्यांची मेंटॉरशिप योजना मात्र आत्ताच बघून ठेवा. त्यांचे वेबिनार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सकाळी अकराला असले की उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होतात, म्हणजे ठाणे-वाशी लोकलमधून घरी येऊन जेवण उरकेपर्यंत. नुसतं ऐकू नका, प्रश्न विचारा, आणि नंतर बोलणाऱ्याला दोन ओळी लिहा. आपल्याला ह्याचा संकोच फार. ‘सर, बिझी असाल’ म्हणून आपण लिहीतच नाही. इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आल्यावर लगेच सोसायटी ऑफ यंग पब्लिशर्समध्ये जा. १९४९ पासूनची संस्था, स्वयंसेवकांवर चालते, ऑक्सफर्डची शाखा आहे. कमिटीत काम घ्या, अगदी खुर्च्या मांडायचं असलं तरी. आणि सप्टेंबरात पीअर रिव्ह्यू वीक (पेपर तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीवरचा आठवडा) असतो, त्यातही हात लावता येतो.

आता तुमच्याकडे काय आहे ते सांगते, कारण प्रश्नात तुम्ही ‘फक्त कॉपीएडिटर’ असं लिहिलंय. वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या फोटोची) फिगर दोन आणि फिगर पाच शेजारी ठेवल्यावर पट्टे तेच, फक्त आरशातल्यासारखे उलटे आणि ब्राइटनेस वाढवलेला, हे आपल्या फ्लोअरवर रात्रपाळीच्या पोरीही ओळखतात. मग टीम लीड म्हणतो, ‘स्कोपमध्ये नाही, टीएटी (काम परत द्यायची मुदत) सांभाळ,’ आणि फाइल पुढे जाते. इथे हीच नजर पगार देऊन ठेवतात. २०२३ मध्ये हिंदावी ह्या प्रकाशकाच्या जर्नल्समधले आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. पेपर मिलचा, म्हणजे बनावट पेपर तयार करून विकण्याचा, हा प्रकार उघड झाल्यापासून रिसर्च इंटिग्रिटीच्या (संशोधनातली लबाडी शोधण्याच्या) जागा निघतायत, आणि मॅन्युस्क्रिप्ट रोज आतून पाहिलेली माणसं त्यांना हवी असतात. मला मुलाखतीत विचारलं होतं, की संशयास्पद फिगर दिसली तर पहिली मेल कुणाला जाईल? लेखकाला की संपादकाला? त्याचं उत्तर कोपच्या फ्लोचार्टमध्ये आहे. कोप म्हणजे १९९७ पासूनची प्रकाशन-नैतिकतेची समिती; तिचे फ्लोचार्ट फुकट मिळतात आणि जुन्या केसेसही वाचता येतात. रोज एक केस वाचा. आपल्या फ्लोअरवरच्या कुरबुरींना तिथे नावं सापडतात, आणि मुलाखतीत तीच नावं लागतात.

मराठी माणसांचं म्हणाल तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. गणपतीला जरूर जा, नोकरीसाठी नव्हे.

राजीनामा द्यायच्या आधी एक काम करा. अनुभवपत्रात ‘सीनियर कॉपीएडिटर’ एवढंच लिहून एचआर मोकळं होतं. विषय, महिन्याला साधारण किती पेपर, एक्सएमएल (वेबसाठीची टॅग लावलेली फाइल) बघता का, नव्या पोरांना शिकवलंत का, हे सगळं टीम लीडकडून मसुदा करून घ्या आणि लेटरहेडवर उतरवून घ्या. क्लायंटची नावं करारामुळे घालता येणार नाहीत, ‘कार्डिओलॉजीची तीन जर्नल्स’ एवढं चालतं. नोटीस पीरियड संपला की तिथे तुमचा फोन उचलणारं कुणी राहील ह्या भरवशावर राहू नका.