निपाणीत घेतलेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप ब्राउझर उघडला की घोंघावतो. पंखा बदलावा का?

नाही, आधी हीटसिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) साफ करा आणि त्या दोघांमधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा लेप, बदला. काम वाढल्यावरच आवाज चढतो, म्हणजे पंख्याचं बेअरिंग बहुधा ठीक आहे. प्रोसेसर तापतोय म्हणून मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतोय. ऑफिसात वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमधली पेस्ट खडूसारखी वाळलेली असते, आणि विकणारे बऱ्याचदा नुसतं बाहेरून पुसून देतात. त्यात तंबाखूच्या वखारीजवळ राहत असाल तर हीटसिंकच्या फटी बारीक धुळीने गच्च भरणारच.

मशीन १० मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे पेस्ट सैल पडते. वायर काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. हीटसिंकचे स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे सोडा आणि तो सरळ न ओढता हलका पिळून काढा. नाहीतर एएमडी कंपनीचा जुना प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो, प्रोसेसरच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढीच लावा. धुळीवर ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

सुरू केल्यापासूनच खरखर असेल तर मात्र पंखाच गेलाय. जुना काढून बेळगावला सोबत न्या: ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये कधीकधी ५ पिनचा कनेक्टर असतो, त्यात बाजारातला ४ पिनचा बसत नाही. आवाज पॉवर सप्लायचा असेल तर तो डबा उघडू नका, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. अख्खा सप्लायच बदला.