शेतकऱ्यांनी भाताची पराली (कापणीनंतर शेतात उरलेला पेंढा आणि धसकटं) जाळू नये म्हणून काय करता येईल? दंड वाढवला तर?

दंड वाढवून झालाय हो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने तो डबल केला, 2 एकरच्या आतल्याला 5 हजार आणि 5 एकरच्या वर 30 हजार. मी कंबाईनच्या (कापणी-मळणीच्या मशीनच्या) सर्व्हिसिंगसाठी तीन सीझन पंजाबात संगरूरकडे होतो, धूर वाईट हे माहीत नाही असा एकही शेतकरी मला तिथे भेटला नाही, पहिला खोकला त्याच्याच पोरांना होतो.

खरा घोळ दिवसांचा आहे. जमिनीतलं पाणी खाली चाललंय म्हणून पंजाबच्या 2009 च्या कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली, त्यामुळे कापणी लांबली आणि गहू तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायचाच असतो, मधे उरतात जेमतेम वीसेक दिवस. कंबाईन वरच्या लोंब्या घेऊन जातो, मागे फूटभर धसकटं आणि मोकळ्या पेंढ्याच्या रांगा. कोकणात पेंढा गुरं खातात, तिकडे बासमती सोडला तर भाताचा पेंढा सहसा गुरांना घालत नाहीत, गव्हाचा भुसा असतो ना. मग उरते काडेपेटी.

म्हणून आधी वाण बदला. पुसा-44 या भाताच्या वाणाला 155-160 दिवस लागतात, पीआर-126 साधारण महिनाभर आधी तयार होतो. (मिलवाले तांदळाचा उतारा कमी पडतो म्हणून कुरकुरतात, तेही मिटवायला लागेल.) हॅपी सीडर धसकटात थेट गहू पेरतो, 2018 पासून त्यावर 50 टक्के सबसिडी आहे, गटाला 80, पण भाड्याच्या मशीनचा नंबर लागेपर्यंत वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो. आणि पैसे द्यायचे तर थोडे आधीच हातात द्या. भटिंडा-फरिदकोटच्या गावांत हा प्रयोग झालाय, "जाळलं नाहीस तर नंतर देऊ" म्हटल्यावर फरक पडला नाही, थोडे आगाऊ दिले तिथे जाळणं कमी झालं. डिझेल तर आजच भरायचं असतं, शेतकऱ्याचं काय चुकलं?

आमच्याकडे कोल्हापूरला वडील उसाचं पाचट (तोडणीनंतरचा वाळका पाला) दरवर्षी पेटवायचे, कृषी खात्याच्या मीटिंगा होऊनसुद्धा. शेजारच्या काकांनी पाचट ठेवलं आणि त्यांच्या खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या फुटव्यांच्या पिकाला) उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी लागल्या, ते बघून वडील थांबले. हॅपी सीडरचा गहू पहिले काही दिवस अगदी बेकार दिसतो, लोक हसतात, म्हणून नोव्हेंबरात भाषण देण्यापेक्षा जानेवारीत गावातल्याच कुणाच्या तरी शेतावर घेऊन जा.