आधी अख्खा आकार दिसतो की बारकावे? लक्ष दिल्याने फरक पडतो का?

साधारणपणे आधी अख्खा आकारच दिसतो. पण लक्ष कुठे लावलंय त्यावर बरंच अवलंबून असतं.

घरी करून बघा. कागदावर बारीक बारीक 'र' अशा रीतीने लिहा की त्यांतून एक मोठा 'ट' तयार होईल. मग कुणाला तरी क्षणभर दाखवा. बहुतेकजण 'ट' म्हणतील. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नेव्हन यांनी १९७७ साली इंग्रजी अक्षरं घेऊन असेच प्रयोग केले. मोठं अक्षर ओळखायला सांगितलं, तर छोट्या अक्षरांचा अडथळा होत नव्हता. उलट छोटं ओळखायचं असेल आणि मोठं वेगळं असेल, तर लोकांना वेळ लागायचा. म्हणजे नको असलेला आकारही मध्ये येतोच!

अर्थात आकृती खूपच मोठी केली की छोटी अक्षरं आधी ओळखू येतात, हेही १९७९ मध्ये दिसून आलं. शिवाय एकदा बारकाव्यांवर लक्ष बसलं की पुढच्या आकृतीतही बारकावेच पटकन सापडतात.

मला सगळ्यात थक्क करतात ती मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची चित्रं. अशीच आकृती आठवून काढायला सांगितली, तेव्हा उजव्या बाजूला इजा झालेल्यांनी छोटी अक्षरं नुसती विखरून लिहिली, मोठ्याचा पत्ताच नाही. डाव्या बाजूला इजा झालेल्यांनी मोठं अक्षर सरळ रेघांनी काढलं, छोटी गायब. दोन्ही कामं मेंदूत बऱ्याच अंशी वेगवेगळी चालतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे हे रोज अनुभवते. 'परिक्षा जवळ आली की मुलं धास्तावतात' हे वाक्य अर्थाच्या ओघात वाचलं, तर पहिली वेलांटी चुकलीय हे चटकन लक्षात येत नाही, कारण नजर अख्खा शब्द ओळखून पुढे सरकलेली असते. नुसत्या वेलांट्या-उकार बघत गेलं की चूक सापडते, पण परिच्छेद काय सांगत होता ते विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून मी मजकुरासाठी एक आणि शुद्धलेखनासाठी एक, अशी दोन वाचनं करते. घाई आहे, एकाच वाचनात उरका म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही.